ओसरीवरची शाळा



अरुणावतीच्या काठी बसून आम्ही मुंबईची जुनी गोष्ट सांगू लागलो, तर तिचा आर्णीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. मागे पडलेल्या मुलाला संध्याकाळी घटकाभर जवळ घेऊन वाचायला शिकवील असा माणूस कोठून आणावा, हा प्रश्न येथेही आहे. तो पगारावाचून कसा सुटतो व कोठे अडतो, हे त्या गोष्टीत दिसते.

१८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या तरुणांनी एक सभा काढली. निबंध वाचावे, वाद घालावा, एवढाच आरंभीचा उद्योग. (त्याच वर्षी पुण्यास जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, आपला वऱ्हाड मात्र १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होता.) पुढे एका सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. नुसत्या निबंधाने काय होणार, असे प्राध्यापकांनीच सुचविले. झाले! १८४९ मध्ये या मंडळींनी पारशी व हिंदू मुलींसाठी शाळा उघडल्या. शिक्षक तेच, आणि वेतन शून्य. आपापल्या कामाला जाण्यापूर्वी सकाळी ते शिकवीत.

त्यांत दादाभाई नवरोजी होते. पुढे पार्लमेंटात गेलेला हा पुरुष तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होता, आणि घरोघर फिरून विनवीत होता : तुमची ओसरी द्या, तुमच्या मुली आम्हांस शिकवू द्या. काही घरी स्वागत झाले, काही घरांतून हाकलून देण्यात आले. आम्हांस या हकिकतीत हीच गोष्ट मोठी वाटते. अक्षरे गिरवून घेणे हा कामाचा सोपा भाग होता. मुलगी घराबाहेर आणणे हा अवघड. गिरगावात जगन्नाथ शंकरशेटांनी शाळेला जागा दिली, पारशी शाळांना कामा घराण्याने पैसा पुरविला, आणि हौसेच्या कामाला संस्थेचे रूप आले. यात त्या तरुणांचा कमीपणा मुळीच नाही. त्यांनी दार उघडले नसते, तर पैसा कोठे ओतावयाचा होता?

आता अलीकडचे पाहू. मुंबईत १९९४-९५ च्या सुमारास 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. पुढे तिने उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातील गावांमध्ये स्थानिक तरुणांना वाचन शिकविण्याची पद्धत शिकविली व त्यांनी विनावेतन वर्ग चालविले. त्याची शास्त्रीय तपासणी झाली. निष्कर्ष २०१० मध्ये छापले गेले. एकही अक्षर न ओळखणारी जी मुले वर्गाला आली, ती वर्षाअखेर अक्षरे ओळखू लागली. म्हणजे चार बुके शिकलेला गावचा पोरगाही हे काम करू शकतो. परंतु त्या गावांतील शंभर मुलांपैकी वर्गाला आली ती सुमारे आठ!

उरलेल्या ब्याण्णवांच्या दारी कोण जाणार?

आमच्याकडे दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागते. आईबाप पहाटे शेतावर जातात. थोरली बहीण धाकट्याला सांभाळीत घरी राहते, नाहीतर तीही वेचणीला जाते. अशा घरी शिकवणाऱ्याने दुपारी जाऊन उपयोग नाही. दिवेलागणीला, मजुरी घेऊन माणसे परतली की जावे लागेल, आणि पहिल्या दिवशी पाटी न काढता आईशीच बोलावे लागेल.