अहमदनगरचीं द्वंद्वयुद्धें

बहामनी राज्य मोडकळीस आलें असतां मलिक अहमद यानें १४९० मध्यें निजामशाही स्थापन केली व १४९४ मध्यें भिंगारजवळ सीनेच्या कांठीं अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, वसविलें. द्वंद्वयुद्धाची चाल दक्षिणेंत याच शहरापासून पसरली, असें इतिहासकार फेरिस्ता सांगतो. फेरिस्ता स्वतः या शहरांत वाढला व १५८९ मध्यें विजापुरास गेला.

अहमद निजामशहास तलवारीचा मोठा नाद. राजाचा नाद तो प्रजेचा नाद. तालमींतील तरुणांत श्रेष्ठ कोण, हा वाद शहापुढें निकालास येऊं लागला. ज्याचा वार आधीं लागेल तो जिंकला, असें ठरलें. दिवाणखान्यांत रोज झुंबड उडे. पुढें तर दोनतीन माणसें पडल्यावांचून दिवस जाईना. शहानें हा प्रकार दृष्टीआड केला, पण बंद केला नाहीं. झुंजी किल्ल्याबाहेरील मैदानांत व्हाव्या व कोणी मेल्यास खुनाची दाद मागूं नये, असा हुकूम सुटला.

सर्व अनर्थाचें मूळ या हुकुमांत आहे. न्यायासनानें हात झटकतांच तालमीचा खेळ अब्रूचा प्रश्न झाला. ही चाल शहरोशहरीं पसरली; अमीर-उमरावच नव्हे, तर विद्वान व शेखहि तींत शिरले. जो या विद्येंत नाहीं, तो शूरांत गणला जाईना. विजापुरांत क्षुल्लक बोलाचालीवरून दोन्ही पक्षांचे तीन तीन, असे सहा प्रतिष्ठित गृहस्थ प्राणांस मुकल्याचें फेरिस्त्यानें नमूद केलें आहे.

मग कायद्यानें बंदी केली असती तर हें टळलें असतें काय? अमेरिकेचा दाखला विचार करावयास लावणारा आहे. न्यूयॉर्क व न्यू जर्सी या दोन्ही संस्थानांत द्वंद्वास मनाई असतांहि ११ जुलै १८०४ रोजीं उपाध्यक्ष एरन बर यानें जुन्या राजकीय वैरापोटीं माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याजवर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशीं हॅमिल्टन मरण पावला. त्याचा मुलगा १८०१ मध्यें असाच द्वंद्वांत गेला होता. द्वंद्व त्याज्य असल्याचें हॅमिल्टननें लिहून ठेवलें होतें; परंतु माघार घेतल्यास सार्वजनिक जीवनांत आपला उपयोग उरणार नाहीं, ही भीति त्यास मैदानावर घेऊन गेली.

अहमदनगरांत कायद्यानें डोळे मिटले. अमेरिकेंत लोकांनीं कायद्याकडे डोळेझाक केली. माघार घेणाऱ्यास जो समाज भ्याड म्हणतो, त्या समाजांत मारणाऱ्याच्या हातावर एकट्याचें पाप नसतें.