वन्समोअर कुणाला?

संध्याकाळ उलटली आहे. तुम्ही नाशकात, विजयानंद थिएटरच्या दारात उभे आहात. तारीख २१ डिसेंबर १९०९. गोदेकडून येणारा गारठा अंगावरच्या शालीला जुमानत नाही. आज किर्लोस्कर नाटक मंडळींचा ‘शारदा’चा खेळ आहे. कलेक्टर जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली, त्यांच्या निरोपाचा. पुढे काय घडणार हे तुम्ही शाळेत शिकला आहात. गर्दीत अनंत कान्हेरे आहे आणि त्याच्याजवळ पिस्तूल आहे. तुम्हाला काहीही बदलता येणार नाही, ही या प्रवासाची पहिली अट. ऐकता मात्र सगळं येईल.

गोळ्या सुटतात, धावपळ होते, नाटक बाजूला राहतं. देवलांच्या शारदेचं लग्न त्या रात्री लागतही नाही आणि मोडतही नाही. तुम्ही गर्दीबरोबर रस्त्यावर येता. नाशकात पुढचे कित्येक महिने धरपकडीशिवाय दुसरा विषय नसेल, पण तुम्ही ज्यासाठी आलात ती कलावंतांची भागीदारी या मंडळींच्या बिऱ्हाडात आहे. या कंपनीत सध्या एकवीस वर्षांचे नारायण राजहंस आहेत, म्हणजे बालगंधर्व. गणपतराव बोडस आहेत, नायकाच्या भूमिकांना नानासाहेब जोगळेकर आहेत. सव्वा वर्षाने, १२ मार्च १९११ ला, ही माणसं मुंबईत खाडिलकरांचं ‘मानापमान’ उभं करतील. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, जोगळेकर धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेलेली असेल आणि तरी पडदा वर जाईल.

१९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे किर्लोस्करमधून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढतात. एक गाणारा, एक नट आणि एक चाली बांधणारा, तिघेही मालक. कागदावर यापेक्षा चांगली भागीदारी सुचणार नाही. पण काही वर्षांतच आधी टेंबे जातात, मग बोडस. मराठी नाटक कंपन्यांचा इतिहास म्हणजे निम्मा फुटण्याचाच इतिहास, तेव्हा आपण इथे फार रेंगाळायला नको.

नाशिक रोडवर जी.आय.पी.ची गाडी धरा. साल १९२१, आषाढ लागलाय, कसाऱ्याच्या घाटात दोन्ही अंगांनी पाणी कोसळतंय. टिळक जाऊन वर्ष व्हायचं आहे आणि त्यांच्या नावाच्या स्वराज्य फंडासाठी देशभर झोळ्या फिरताहेत. ८ जुलैच्या रात्री तुम्ही ग्रँट रोडवरच्या बालीवाला थिएटरात खुर्ची मिळवता. कशी मिळवली ते विचारू नका. बाहेर ज्यांना मिळाली नाही ते अजून हटलेले नाहीत.

आजच्या जाहिरातीत ‘संयुक्त मानापमान’ असं लिहिलं आहे. ‘संयुक्त’ का, तर गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्या आज एका रंगमंचावर आहेत. भामिनी बालगंधर्वांची. धैर्यधर मात्र केशवराव भोसल्यांचा. त्यांनी १९०८ मध्ये, सतराव्या वर्षी, हुबळीत ललितकलादर्श काढली. एकामागे भास्करबुवा बखल्यांची तालीम आहे, दुसऱ्यामागे रामकृष्णबुवा वझ्यांची. तुमच्या डावीकडचा गृहस्थ पुण्याचा, उजवीकडचा कोल्हापूरचा. तिसरी घंटा व्हायच्या आतच दोघांचं जुंपलं आहे.

बालगंधर्व येतात तेव्हा आधी शालू दिसतो, मग चाल, मग सूर. तो सूर ओरडत नाही. शब्दाला हलकेच उचलून तो लयीच्या कडेवर ठेवतो आणि समेला असा येतो की तुम्ही ‘अरेच्चा’ म्हणायच्या आत पुढची ओळ सुरू झालेली असते. केशवरावांचं उलट. छाती भरून घेतलेला श्वास, तार षड्जावर रोखून धरलेला आवाज, आणि तिथून वीज पडावी तशी खाली येणारी तान. पिटातल्या शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसालाही वाटतं, हा माझ्यासाठी गातोय. एकाला वन्समोअर मिळाला की दुसऱ्याचे चाहते पुढच्या पदाची वाट पाहत दबा धरून बसतात.

तुम्ही मघापासून एक गोष्ट पाहताय, ती तुमच्या शेजाऱ्यांना भांडणाच्या नादात दिसत नाही. खाडिलकरांच्या गोष्टीत भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि मग वनमाला होऊन त्याच्यासमोर येते. दोन मानी माणसांनी आपापला मान कसा सोडायचा आणि कसा राखायचा, एवढाच त्या नाटकाचा विषय. दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं हे कथानक आज रंगमंचावरच्या दोन नटांनाही तंतोतंत लागू पडतंय. भामिनी धैर्यधराला हिणवते तेव्हा प्रेक्षागृहातली एक बाजू जास्तच जोरात हसते.

कोण जिंकलं? यावर मराठी माणसं पुढची कित्येक वर्षं वाद घालत राहिली. मला विचाराल तर प्रश्नच चुकीचा आहे. ती रात्र रंगली, कारण कुणाला काय गायचं ते संहितेने आधीच ठरवून दिलं होतं. एकाचं पद चालू असताना दुसऱ्याने नाटकातलाच माणूस म्हणून ऐकत उभं राहायचं, यातून सुटका नव्हती. शिवाय पैसा फंडात जाणार होता. गल्ल्यातल्या वाट्यावरून भांडायला जागाच उरली नाही. टेंबे-बोडस-गंधर्व या भागीदारीला जे वर्षानुवर्षं साधलं नाही ते या दोघांना साधलं, कारण सकाळी दोघं आपापल्या कंपनीत परत जाणार होते.

पाठोपाठ ‘संयुक्त सौभद्र’ही झालं. ते ऐकायचं असेल तर आताच ऐका. ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव विषमज्वराने गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्या संयुक्त रात्रींचं ध्वनिमुद्रण नाही.

आता पुणे, १९३५. प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ. बोलपटांनी नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं आहे, बालगंधर्वांच्या डोक्यावर कर्ज आहे आणि व्ही. शांतारामांच्या हाती देशातली उत्तम चित्रसंस्था आहे. करार सहा चित्रपटांचा. पहिल्याचं नाव ‘महात्मा’ ठरलं होतं. गांधीजींची आठवण होते म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि ते ‘धर्मात्मा’ झालं. बालगंधर्व यात संत एकनाथ आहेत. संगीत मास्तर कृष्णरावांचं, म्हणजे भास्करबुवांच्याच शिष्याचं, गंधर्व मंडळीतल्या घरच्या माणसाचं. मराठीतला सर्वांत मोठा गायक नट, सर्वांत मोठा दिग्दर्शक आणि दोघांच्या मधला दुवा म्हणून विश्वासाचा संगीतकार. याहून चांगली मांडणी कोण करणार?

सेटच्या कोपऱ्यात, वायरींवर पाय पडणार नाही असे उभे राहा. प्रखर दिव्यांखाली सत्तेचाळीस वर्षांचे नारायणराव उभे आहेत. शालू नाही, अंबाडा नाही, गजरा नाही. ज्या देहाने तीस वर्षं स्त्री होऊन महाराष्ट्राला वेड लावलं, त्याला आज फक्त पुरुषासारखं उभं राहायचं आहे आणि नेमकं तेच अवघड जातंय. शांतता पाळा अशी हाक येते. शांतता! रंगमंचावर ‘वा’ आल्याशिवाय ज्यांची पुढची तान निघत नव्हती, त्यांच्यापुढे आता काचेचा एक डोळा आहे आणि तो दाद देत नाही. पद रंगात यायच्या आत कॅमेरा थांबतो. पुन्हा पहिल्यापासून. नाटकात तेच पद तीन वेळा गायचे तेव्हा तिन्ही वेळा नवं व्हायचं. इथे तिन्ही वेळा अगदी सारखं हवं.

‘धर्मात्मा’ वाईट चित्रपट नाही. जातिभेदावरचं त्याचं म्हणणं आजही टोचतं. पण त्यात बालगंधर्व नाहीत, त्यांच्या नावाचा एक अवघडलेला सज्जन गृहस्थ आहे. उरलेले पाच चित्रपट झालेच नाहीत. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांनी ‘साध्वी मीराबाई’त त्यांना पुन्हा लुगडं नेसवून पाहिलं, कॅमेऱ्याने तेही मानलं नाही. शांतारामांनी बालगंधर्वांशी करार केला तेव्हा त्यांना अर्धाच भागीदार मिळाला होता. उरलेला अर्धा पिटात, आपापल्या गावात बसलेला होता आणि त्याला करारात घेण्याची सोय नव्हती.

परत नाशिकला चला, पण ‘धर्मात्मा’च्या चार वर्षं मागे. पंचवटीत पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधार आश्रम आहे. ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणाऱ्याला समाजात मानाचं आसन मिळवून दिलं, मुंबईत इमारत बांधून कर्जापायी गमावली, ते शेवटच्या पर्वात इथे रामकथेत रमले. ऑगस्ट १९३१ मध्ये मिरजेला त्यांचं निधन झालं. मागे राहिलेला मुलगा दत्तात्रेय, सगळ्यांचा बापू, दहा वर्षांचा आहे. त्याचं शिक्षण पुढे ज्यांनी हाती घेतलं त्यांत विनायकराव पटवर्धन होते. हे विनायकराव आधीची कित्येक वर्षं गंधर्व मंडळीत बालगंधर्वांसमोर नायक म्हणून गात होते. तुम्ही मघाशी ग्रँट रोडला ऐकलेली रात्र आणि पंचवटीतला हा पोरका मुलगा यांच्यात एवढंच अंतर आहे.

१९५२, मुंबई. विजय भट्टांच्या ‘बैजू बावरा’तली अकबराच्या दरबारातली जुगलबंदी. नौशादांनी तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँना बोलावलं आहे आणि बैजूसाठी दत्तात्रेय विष्णू पलुस्करांना. पडद्यावर सुरेंद्र आणि भारतभूषण ओठ हलवतील. चित्रपटभर बैजूला आवाज महंमद रफींचा आहे, स्पर्धेच्या दिवशी मात्र त्याच्या गळ्यात ग्वाल्हेर घराणं उतरतं! कुणीही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

माइकच्या मागे उभे राहा. राग देसी. चाळिशीला टेकलेले अमीर खाँ म्हणजे एका सुरावर तासभर थांबू शकणारा गायक. त्यांना इथे मिनिटांत बोलायचं आहे. पलुस्कर एकतीस वर्षांचे, स्वच्छ, सरळ, आवाजात कुठे खरखर नाही. खाँसाहेबांचा सूर खालून, जाड कांबळं ओढत आल्यासारखा येतो. पलुस्करांचा वरून उतरतो. तानांची देवाणघेवाण वाढत जाते आणि तुमच्या लक्षात येतं की यातला कुणीच दुसऱ्यासारखं गायचा प्रयत्न करत नाही. बैजू जिंकणार, दगड विरघळणार, हे पटकथेत आधीच लिहिलंय. गाण्यात मात्र कुणी हरलेलं ऐकू येत नाही. वयाने आणि मानाने मोठ्या गायकाने हरणाऱ्याचा आवाज द्यायला होकार दिला, याचं श्रेय अमीर खाँना पुरेसं मिळालेलं नाही. चार वर्षांनी ‘बसंत बहार’मध्ये मन्ना डे यांना भीमसेन जोशींना ‘हरवायचं’ होतं, तेव्हा मन्नादांची गाळण उडाली होती. ते स्वाभाविकच म्हणायचं.

पलुस्कर २६ ऑक्टोबर १९५५ ला गेले, चौतिसाव्या वर्षी. काही महिन्यांपूर्वीच ते सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आले होते.

शेवटचा थांबा पुन्हा नाशिक, १९६४. संगीत नाटक संपलं, असं शहाणी माणसं सांगताहेत आणि पुरावा भरपूर आहे. एचपीटी कॉलेजात शिकवणारे वसंत कानेटकर ‘मत्स्यगंधा’ लिहितात, पदंही स्वतःच. धि गोवा हिंदु असोसिएशन ते रंगमंचावर आणते आणि चाली बांधतो मंगेशीचा पस्तिशीही न गाठलेला तरुण, जितेंद्र अभिषेकी. १ मे १९६४ ला पहिला प्रयोग. पराशराच्या भूमिकेत रामदास कामत, मत्स्यगंधेच्या भूमिकेत आशालता.

या प्रयोगाला बसलात तर आधी थोडं चुकल्यासारखं वाटेल. पद सुरू होतं आणि संपतंही! गोष्ट थांबवून कुणी पाऊण तास आळवत नाही. अभिषेकींना आग्र्याची तालीम होती, हवं तर त्यांनी नाटक गाण्याखाली गाडलं असतं. त्याऐवजी त्यांनी प्राध्यापकाचं वाक्य जिथे दमतं तिथून सूर उचलला आणि पुढचं वाक्य यायच्या वेळी बाजूला झाले. दोन वर्षांनी नाशिकच्याच वि. वा. शिरवाडकरांनी, म्हणजे कुसुमाग्रजांनी, ‘ययाति आणि देवयानी’ लिहिलं आणि चाली पुन्हा अभिषेकींनी दिल्या. कुसुमाग्रजांच्या शब्दांना कोणतीही चाल जड झाली असती. त्यातलं चारुकेशीतलं पद ऐका, शब्द आणि स्वर यांतलं आधी कोण आलं ते सांगता येत नाही.

निकाल द्यायचाच तर माझा असा. फसलेल्या भागीदाऱ्यांत पहिला मान ‘धर्मात्मा’चा, कारण तिथे सगळे थोर होते आणि ऐकणारा कुणी नव्हता. रंगलेल्यांत लोक ‘संयुक्त मानापमान’ म्हणतील. मी ‘मत्स्यगंधा’ म्हणेन. ग्रँट रोडवरची रात्र पुन्हा घडवायला बालगंधर्व आणि केशवरावच हवेत. ‘मत्स्यगंधा’ मात्र कामत आणि आशालतांनंतरही नवे गायक नट करत आले आहेत, आणि चाली अजून त्याच आहेत.