गोंगाटातली दिशा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात मोबाइलवर वाट दाखवणारे जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. त्यांचा संकेत खाली येईपर्यंत इतका क्षीण होतो, की मोबाइलमधल्या स्वतःच्या विद्युत खळबळीतही तो बुडालेला असतो. त्यात शेजारी एखादा जबर प्रक्षेपक सुरू झाला, तर संकेत कोणत्या बाजूने आला हे एकट्या अँटेनाला सांगता येत नाही. दोन अँटेना जवळजवळ ठेवल्या, तर लाटेचा माथा एकीवर आधी आणि दुसरीवर किंचित नंतर पोचतो आणि त्या फरकातून दिशा निघते. जीपीएसच्या मुख्य लाटेची लांबी 19 सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर. अँटेना बहुधा तिच्या निम्म्या अंतरावर बसवतात.

महाराष्ट्रात हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला तो रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने 1965 मध्ये कल्याणला 32 लहान तबकड्या ओळीने उभ्या राहिल्या. लक्ष्य होते सूर्य. पुढे जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण झाली. तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. 14 मध्यभागी दाटीने आणि 16 तीन बाहूंवर दूरवर. जागा निवडताना शहरांच्या रेडिओ गोंगाटापासूनचे अंतर आणि भोवतालच्या डोंगरांचा आडोसा पाहिला गेला. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे: गणिताआधी जागा निवडली गेली.

आज गणित प्रगत झाले, मग शांत जागेचा हट्ट कशाला, असे विचारले जाते. पुणे–नाशिक रेल्वेच्या आखणीत खोडदच्या दुर्बिणीचा अडथळा आला, तेव्हा हा प्रश्न तीव्र झाला. त्यात तथ्य आहे. अनेक अँटेनांचे संकेत योग्य वजनाने मिळवले, तर त्रासदायक दिशेला बहिरेपण आणता येते. उपग्रहाचा सांकेतिक क्रम आधीच ठाऊक असल्याने तो गोंगाटातून वर काढता येतो. पण ग्राहकयंत्राचा पहिला टप्पाच जबर लहरीने तुंबला, तर आत आलेली माहिती विद्रूप होते, आणि जे नोंदलेच गेले नाही ते कोणत्याही गणिताने परत येत नाही. दुर्बीण आणि जीपीएसचे ग्राहकयंत्र यांची तुलना गैर आहे, असेही कोणी म्हणेल. खोडदला तर 1176 आणि 1227 मेगाहर्ट्झजवळचे दिशादर्शक उपग्रहच अडथळा ठरतात! तरी लाटेच्या उशिरावरून दिशा ओळखण्याचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

शांत जागेचे मोल एकदा असे दिसले: 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा क्षीण संकेत सतरा कोटी किलोमीटरहून दूर असलेल्या खोडदच्या तबकड्यांनी पकडला. उतरण्याच्या अपेक्षित वेळेआधी तो थांबला, हेही तिथेच टिपले गेले.