कोयत्याला पाळणाघर नसतं

बाळगोळी म्हणजे काय, हे आमच्या पिढीला सांगावं लागतं. अफू घातलेली ही गोळी तान्ह्या मुलाला चाटवली की ते दिवसभर पडून राहायचं आणि आई गिरणीत पाळी भरायला मोकळी व्हायची. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी १९२२ साली मुंबईच्या गिरणीकामगार बायकांची पाहणी मांडली, तेव्हा ही गोळी सर्रास चालते हे कागदावर आलं. त्या गिरण्यांत रत्नागिरीसारखीच साताऱ्याचीही माणसं होती, आणि तेव्हाच्या साताऱ्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग यायचा. (१९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.) त्यामुळे आई कामावर गेल्यावर मूल कुठे ठेवायचं, हा प्रश्न आमच्याकडच्या घरांना निदान शंभर वर्षं जुना आहे.

कायद्याने त्याचं पहिलं उत्तर आकड्यात दिलं. १९३४ च्या कारखाना कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथे मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याची तरतूद आली. १९४८ च्या कायद्याने ते बंधन केलं आणि १९७६ मध्ये आकडा तीसवर आणला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पुरेशी, उजेडाची, हवेशीर, स्वच्छ खोली आणि मुलं सांभाळायचं शिक्षण घेतलेली बाई, एवढी मागणी. आपल्याकडच्या बालसंगोपनाच्या दर्जाचे हे सगळ्यात जुन्या लेखी निकषांपैकी एक. वाचायला साधे, पण कोड लिहिणाऱ्या माणसाची नजर आधी अटीवर जाते. खोली कशी असावी हे नंतर, आधी ती कुणाला लागू? मोजायचं एकक होतं ‘कारखान्यातली बाई’. ते पुढे लक्षात ठेवा.

दुसरा धागा ताराबाई मोडकांचा. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा करून त्या १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. तिथे बालवाडी सुरू झाली, पण आदिवासी पाड्यावरची मुलं येईनात. घरात धाकटं भावंडं सांभाळायचं, शेळ्या राखायच्या, मग शाळेत कोण येणार? तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघांनी शाळाच पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात. त्यातून अंगणवाडी हा शब्द आला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणार नव्हती. शंखशिंपले, बिया, पानं, खडे यांवर भागवलं. आणि अक्षरांआधी नखं कापणं, अंघोळ, केस विंचरणं. मला या सगळ्यात मोठी वाटते ती एक गोष्ट: मूल येत नसेल तर चूक मुलाची नाही, जागेची आहे, असं मानणं. दर्जाची इतकी चोख व्याख्या नंतरच्या कुठल्याही सरकारी कागदात मला सापडलेली नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ताराबाईंचा शब्द दिल्लीच्या फायलीत गेला. फायलीत गेल्यावर अंगणाचं एकक झालं लोकसंख्या. सपाट प्रदेशात ४०० ते ८०० वस्तीमागे एक अंगणवाडी. मुलामागे दिवसाला ३०० कॅलरी, २००९ मध्ये त्या ५०० केल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक वस्तीला अंगणवाडी हवी असं बजावलं आणि २००६ मध्ये देशात चौदा लाख केंद्रं उभी करायला सांगितलं. केंद्रं वाढली. इमारत मात्र बराच काळ कुणाच्या खात्यातच नव्हती. समाजमंदिर, देवळाचा ओटा, भाड्याची खोली, मिळेल ते.

२०१३ च्या राष्ट्रीय धोरणानंतर निकष सविस्तर झाले. तीस मुलांना पस्तीस चौरस मीटरची खोली, बाहेर खेळायला तीस चौरस मीटर, पिण्याचं सुरक्षित पाणी, मुलांच्या उंचीचं स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी, तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस, तीनच्या आतल्या दहांमागे एक. इमारत मजबूत हवी हेही आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि २००५, २०१९, २०२१ चे कृष्णेचे महापूर पाहिलेल्या दोन जिल्ह्यांत ही अट शोभेची नाही.

खासगी नर्सरी या सगळ्याबाहेर राहिल्या. कराडपासून मिरजेपर्यंत कुठल्याही कॉलनीत भिंतीवर मिकी माउस रंगवला की नर्सरी तयार. १९९६ चा राज्याचा पूर्वप्राथमिक कायदा आला तो प्रवेशाबद्दल, चिमुरड्यांच्या मुलाखतींबद्दल. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या मुलींवर अत्याचार झाले, मग सीसीटीव्हीचा आदेश निघाला. पुढच्या वर्षी शिक्षण विभागाने खासगी केंद्रांना आपली माहिती पोर्टलवर भरायला सांगितलं. म्हणजे किती केंद्रं आहेत, या पहिल्या प्रश्नाला आपण २०२५ मध्ये हात घातला.

तरी पालकांच्या डोळ्यांसमोर असलेली ही मुलं आहेत. माझं गाव वाळवा तालुक्यातलं. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या उतरतात. भुईंज, रेठरे, साखराळे, वाळवा, सगळीकडे कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात. ऊसतोडीत मजूर मोजतात तो कोयत्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याला, आणि करार मुकादमाशी. त्यामुळे कारखाना कायद्यातली ‘बाई’ इथे सापडतच नाही. ती अर्धा कोयता असते, आणि कारखान्याची कामगार तर नसतेच.

तिचं मूल फडात असतं. साडीच्या झोळीत, ट्रॉलीच्या सावलीत, पाचटावर. शेजारी उघडी विहीर, मागेपुढे होणारे ट्रॅक्टर. कागदावर बाहेरून आलेल्या मुलालाही त्या गावच्या अंगणवाडीत आहार मिळायला हवा. पण आई पहाटे अंधारात फडात जाते, अंगणवाडी नंतर उघडते, आणि कोप्या गावाबाहेर. मधलं अंतर तीन वर्षांच्या मुलाने एकट्याने चालायचं का? शेवटी सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण थांबते. साखरशाळा काढून मुलं शाळेत आणायचे प्रयत्न झाले, चांगले झाले, पण कडेवर भावंडं असलेली मुलगी वर्गात कशी बसणार? ताराबाईंना बोर्डीत भेटलेली मुलगी हीच.

गेल्या काही वर्षांत यावर माझ्या धंद्यातला उपाय आला: ॲप. पोषण ट्रॅकरमध्ये हजेरी, वजन, उंची भरायची. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोनची क्षमता कमी, ते सारखे बंद पडतात, दुरुस्तीचा भुर्दंड आपल्यालाच आणि ॲप इंग्रजीत, या त्यांच्या तक्रारी. वापरणाऱ्याला न विचारता फॉर्म बनवला की असं होतं, हे आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. स्थलांतराची नोंद करायची सोय आता आहे. पण नोंद झाली म्हणून कुणी झोळीजवळ बसत नाही.

पुण्यात माझ्या ऑफिसशेजारी पाळणाघर आहे. मऊ फरशी, जाळीचं दार. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनंतर पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ते द्यावं लागतं, बायका किती हे न बघता. एकक बदललं आणि आम्हाला सोय मिळाली. फडावर बदललं तर? वीस-वीस कोयत्यांच्या दोन टोळ्या एका शिवारात उतरल्या की चाळीस बायका होतात. १९७६ च्या आकड्यापेक्षा दहा जास्त. मार्चच्या सुमारास पट्टा पडेपर्यंत त्या तिथेच असतात.