मराठी कवितेतील मृत्यू आणि मागे चालू राहणारे जगणे

माणूस जातो आणि शेतशिवार पुन्हा कामाला लागते, हा अनुभव मराठीत सर्वांत निर्धाराने मांडला तो भा. रा. तांबे (मृत्यू १९४१) यांनी. ‘जन पळभर म्हणतील’ या कवितेत मरण कशाने आले, हे सांगितलेलेच नाही. सोयरे रडून आपापल्या उद्योगाला लागतात, पाऊसपाणी होते. नदीकाठी त्या माणसाचे पाऊल आता उमटणार नाही, याची कुणाला खंत नसते. हे निष्ठुर वाटते, पण कवी जगाला दोष न देता मोहातून सुटण्याकडे वळतो. कवितेचे खरे बळ तिथे आहे. वसंत प्रभूंच्या चालीत लता मंगेशकरांनी गायल्यावर ती घरोघरी पोहोचली.

तांब्यांनी न सांगितलेले मरणाचे कारण संतकवी चोखामेळा यांच्या बाबतीत मात्र परंपरेने जपले आहे: ते मंगळवेढ्यात भिंत कोसळून गेले, आणि मागे राहिलेले त्यांना विसरले नाहीत. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या.

लातूर जिल्ह्यात मात्र तांब्यांची कविता अपुरी पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंपाने कोसळलेल्या दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गेली. तांब्यांनी मागे उरणारे सोयरे गृहीत धरले होते. इथे कितीतरी घरांत रडायलाही कुणी उरले नाही. गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली.