घरी बनवलेल्या गाडीचं पासिंग: एक अमेरिकन गोष्ट

जुनं इंजिन, भंगारातला पत्रा आणि वेल्डिंग मशीन हाताशी असलं की आपल्याकडचा कारागीर काय बनवेल याचा नेम नाही. गाडी तयार होते, गावभर फिरते, पोरं व्हिडिओ काढतात. मग कुणीतरी विचारतं, "पासिंगचं काय?" आणि सगळं तिथेच अडतं.

मंडळी, हा प्रश्न फक्त आपलाच नाही. अमेरिकेत तो साठ वर्षांपासून चालू आहे. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत पळणाऱ्या ड्यून बग्गीमुळे तो गाजला. त्यांनी काय केलं ते आपण वाचायला हवं, म्हणून जरा मोठी पोस्ट लिहितोय.

कॅलिफोर्नियातली हौशी मंडळी जुन्या गाड्यांचे पत्रे उतरवून त्या वाळूत पळवायची. गाड्या जड, सारख्या रुतायच्या. न्यूपोर्ट बीचला ब्रूस मेयर्स नावाचा माणूस होता. फायबरग्लासच्या बोटी बनवण्यात त्याचा हात बसलेला. १९६४ मध्ये त्याने बोटीसारखीच फायबरची हलकी बॉडी बनवली आणि तिला फोक्सवॅगन बीटलचं इंजिन लावलं. हीच ती 'मेयर्स मँक्स'. पहिल्या डझनभर गाड्या फार महाग पडल्या. मग त्याने साधा उपाय काढला. जुन्या बीटलची बॉडी उतरवायची, खालची चासी साधारण १४ इंच कापून आखूड करायची आणि त्यावर फायबरची बॉडी बसवायची. किट घरी न्या आणि स्वतः जोडा.

यात कागदपत्रांची एक मोठी सोय आपोआप झाली. बीटलचा नंबर तिच्या खालच्या सांगाड्यावरच कोरलेला असतो. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी या बग्ग्या जुन्या बीटलच्याच कागदावर रस्त्यावर आल्या. वर बग्गी, पण कागदावर फोक्सवॅगन.

१९६७ मध्ये मेयर्स आणि त्याच्या साथीदाराने मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पात ला पाझ ते तिहुआना हे अंतर ३५ तासांच्या आत कापलं आणि मोटरसायकलवाल्यांचा विक्रम मोडला. मग मागणी एवढी वाढली की नकला करणारे जागोजागी उभे राहिले. मेयर्स कोर्टात गेला, पण पेटंटचा खटला हरला. त्याच्या कंपनीची किट काही हजारांत विकली गेली, नकला मात्र लाखांच्या घरात गेल्या. १९७१ पर्यंत त्याचा धंदा बसला. बग्गी मात्र अमेरिकेच्या रस्त्यांवर राहिली.

आता कायद्याची बाजू. अमेरिकेने १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा केला आणि १९६८ पासून कारखान्यांतून निघणाऱ्या मोटारींना सुरक्षेचे निकष लागू झाले. ते गरजेचंच होतं. पण हे निकष लिहिताना डोळ्यांसमोर होता तो लाखो गाड्या काढणारा कारखाना. अशा कंपनीला चार गाड्या भिंतीवर आदळून दाखवणं परवडतं. ज्याने आयुष्यात एकच गाडी बनवली, त्याने ती आदळून दाखवली तर चालवायची काय?

म्हणून घरी जोडलेल्या गाड्यांच्या नोंदणीचा प्रश्न राज्यांवर आला. कॅलिफोर्नियाने 'खास बांधणीचं वाहन' असा वेगळा वर्ग ठेवला. गाडी आणा, नंबर आणि सुट्या भागांच्या पावत्या तपासून घ्या, ब्रेक-लाइटचा दाखला आणा, धुराची तपासणी करा. २००१ च्या कायद्याने त्यात आणखी एक वाट काढली. दरवर्षी पहिल्या ५०० गाड्यांना, गाडी ज्या सालच्या मॉडेलसारखी दिसते त्या सालचे धुराचे निकष लावून घेता येतात.

टेक्सासमध्ये उलटं झालं. ड्यून बग्गी रस्त्यासाठी बनलेलीच नाही, असं म्हणत तिथल्या परिवहन खात्याने नोंदणी नाकारायला सुरुवात केली. आधी दिलेले कागदही रद्द होऊ लागले. खात्याच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हतं असं नाही. दार नाही, वर टप नाही, समोरून ट्रक आला तर वाचवणार काय? पण मालकांचा सवालही रास्त होता. वर्षानुवर्षं तुमच्याच कागदावर चाललेली गाडी एका सकाळी बेकायदा कशी झाली? लोक संघटित झाले, आमदारांच्या मागे लागले आणि २०१९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा करून बग्गीसकट अशा जोडणीच्या वाहनांना नोंदणीचा रस्ता मोकळा केला.

त्याआधी, २०१५ मध्ये, केंद्रीय पातळीवर जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ गाड्यांची मुभा मिळाली होती. नियम निघायला मात्र वर्षं गेली, त्यासाठी कोर्टातही जावं लागलं. सरकारी काम तिकडेही सरकारीच!

आता आपल्याकडे या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते आणखी ठामपणे सांगितलं. नवीन गाडी रस्त्यावर आणायची तर नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुन्याची चाचणी करून घ्यायची. ही व्यवस्था कारखान्यासाठी ठीक आहे. वेल्डिंगच्या दुकानवाल्याने जायचं कुठे?

२०२१ च्या डिसेंबरात आपल्या सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून बनवलेली छोटी जीप देशभर गाजली, आठवतंय? आनंद महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल. त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि ती दिलीही. त्या माणसाचं चांगलं झालं याचा आनंदच आहे. पण त्यानंतर दुसऱ्या कारागिराने अशी गाडी बनवली तर त्याच्यासाठी कायद्यात काय बदललं? काहीच नाही.

मी वीस वर्षं अपघातांच्या बातम्या लिहितोय. ब्रेक न तपासलेली गाडी रस्त्यावर सोडा, असं मी कधीच म्हणणार नाही. उलट, आज अशा गाड्या आडरस्त्याने, विम्याशिवाय, तपासणीशिवाय फिरतातच. त्यांना मोजायचं, तपासायचं आणि नंबर द्यायचा, की दिसत नाहीत असं धरून चालायचं, एवढाच प्रश्न आहे. आणि कायदा बदलत नाही असंही नाही. ई-रिक्षा आधी बेकायदाच ठरल्या होत्या. २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्यांना वेगळी व्याख्या दिलीच ना?

मग राज्यात वर्षाला ठरावीक गाड्या, वेगाची मर्यादा, ब्रेक, लाइट, स्टेअरिंगची कडक तपासणी आणि सक्तीचा विमा, असा एक वर्ग करायला हरकत काय? आपल्या आमदार-खासदारांना हे विचारायला हवं. तुमच्या गावात अशी गाडी बनवणारा कुणी असेल तर त्याचा अनुभव खाली जरूर लिहा.