रक्तवाहिन्यांचे गवंडी

मधुमेहाचा इतिहास सांगणारे बहुधा साखरेपाशी सुरुवात करतात आणि साखरेपाशीच थांबतात. मला मात्र तो जखमेच्या अंगाने वाचावा असे वाटते. सुश्रुतसंहितेने प्रमेहाच्या रोग्याला होणाऱ्या पिडकांचे वर्णन वेगळे आणि सविस्तर केले आहे. गोड मूत्र आणि चिघळणारे व्रण यांची सांगड आपल्याकडे इतकी जुनी आहे. पण ही जखम भरत का नाही, याचा एक धागा हाती यायला विसावे शतक सरत यावे लागले.

मधला इतिहास वाचकांना ठाऊक असेल. 1869 मध्ये लांगरहान्सने स्वादुपिंडातील पेशींची बेटे पाहिली. 1889 मध्ये मिंकोव्हस्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढताच त्याला मधुमेह जडला. 1921 मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन गवसले, आणि 1922 च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या लेनर्ड टॉम्पसनला ते प्रथम टोचण्यात आले. मरणाच्या दारातली मुले घरी परतू लागली. रोग जिंकला असेच सर्वांना वाटले.

पण वाचलेली माणसे वर्षे लोटल्यावर निराळ्या वाटेने खचू लागली. कुणाची दृष्टी गेली, कुणाचे मूत्रपिंड, कुणाचा पाय. 1936 मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी अशा मूत्रपिंडांतील विकृती दाखवून दिली. इन्सुलिनने मृत्यू टाळला होता. रक्तवाहिन्यांची झीज टाळली नव्हती. माझ्या मामांच्या अंगठ्याला नवी वहाण लागली, एवढेच निमित्त झाले. फोड आला, तो चिघळला, आणि चार महिन्यांनी अंगठा कापावा लागला. एवढीशी जखम भरू नये, हे घरात कुणाला पटेना.

साखर काटेकोर आवरली तर ही झीज थांबेल का, हा वाद दीर्घकाळ चालला. बॉस्टनचे जॉस्लिन कडक पथ्याचे पुरस्कर्ते होते. इतरांना तो निष्कारण छळ वाटे. निकाल लागला 1993 मध्ये. अमेरिका व कॅनडातील 1441 रोग्यांवर केलेल्या दीर्घ परीक्षणात, साखर काटेकोर राखलेल्यांमध्ये डोळ्यांच्या विकाराचा उद्भव 76 टक्क्यांनी कमी आढळला.

हे कसे घडते, याचे एक उत्तर त्याच बॉस्टनमधून आले. प्रौढ माणसात नव्या रक्तवाहिन्या जुन्यांनाच फुटव्यासारख्या फुटतात, अशी तोवर समजूत होती. 1997 मध्ये आसाहारा, इस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की वाहिनीचे अस्तर बनू शकतील अशा पेशी रक्तातच फिरत असतात. अस्थिमज्जेतून निघावे, तुटल्या जागी पोचावे, डागडुजी करावी, असे हे फिरते गवंडी!

मधुमेह्याच्या रक्तात या गवंड्यांची दैना दिसली. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना त्यांची वाढ निरोग्यांच्या तुलनेने जवळजवळ निम्मी आढळली. 2004 मध्ये हॉलंडमधील अभ्यासात, बालपणी वा तरुणपणी जडणाऱ्या मधुमेहाच्या रोग्यांत त्यांची संख्या 44 टक्क्यांनी कमी भरली. दोन्हीकडे एक गोष्ट समान होती : दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा हिमोग्लोबिनचा आकडा जितका चढा, तितके हे गवंडी दुबळे. पुढे असेही दिसले की मधुमेहात अस्थिमज्जेचे दारच जणू आखडते आणि पेशी बाहेर पडत नाहीत.

इतिहास इथे संपला असता तर तो फारच सोयीचा झाला असता. 2007 मध्ये योडर आणि सहकाऱ्यांनी पेशी एकेक वाढवून पाहिल्या. गवंडी म्हणून मोजलेल्या पुष्कळशा पेशी खरे तर पांढऱ्या रक्तपेशींच्या कुळातल्या निघाल्या. त्या स्वतः विटा होत नाहीत. रसायने पाझरवून जागेवरच्या पेशींना कामाला लावतात. खरे अस्तर घडवणाऱ्या पेशी फार थोड्या. म्हणजे गवंड्यांच्या गर्दीत बरेचसे मुकादम होते!

तरी मला या शोधाचे मोल कमी वाटत नाही. रक्तवाहिनी ही एकदा बसवलेली निर्जीव नळी नव्हे. ती रोज झिजते आणि रोज सांधली जाते. मधुमेह झीज वाढवतो, आणि सांधणाऱ्यांचे हातही बांधतो. 1993 नंतर त्याच रोग्यांचा पाठपुरावा चालू राहिला, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांतील संयमाचा लाभ पुढे कितीतरी वर्षे टिकलेला दिसला. म्हणून ताटातला घास आवरणे, वेळेवर औषध घेणे आणि रात्री निजण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात आपले तळपाय नीट पाहणे, या साध्या गोष्टींना मी क्षुल्लक मानत नाही.